‘तिकडेच राहायचं होतं!’

प्रिय ताई,

मी साठ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. डोंबिवलीला राहते, सासर चिपळूणजवळच्या एका वाडीतलं. यंदा आमच्याकडे लग्नांची रांग लागली आहे. मार्गशीर्षात बहिणीच्या मुलीचं पुण्याला झालं, माघात धाकट्या दिरांच्या मुलाचं गावी झालं आणि आता वैशाखात नणंदेच्या मुलीचं आहे. मधल्या काळात, जानेवारीच्या अखेरीस, मुलाने आम्हा दोघांना सात दिवस मॉरिशसला पाठवलं. माझा पहिलाच परदेश प्रवास. रोज घरच्या ग्रुपवर फोटो टाकत होते, सगळ्यांनी कौतुक केलं. (दिरांनी नाही, हे आता लिहिताना लक्षात येतंय.)

तिथला आमचा ड्रायव्हर मराठी निघाला! खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर गेलेले. मराठी मोडकंतोडकं, पण गणपती, गोंधळ, झाकरीचा नाच सगळं ठाऊक. पोर्ट लुईला त्याने आम्हाला तो घाट दाखवला, जिथे बोटीतून मजूर उतरायचे. सोळा पायऱ्या. मला रडू आवरेना. शेवटच्या संध्याकाळी तो आम्हाला त्याच्या आतेबहिणीच्या हळदीला घेऊन गेला. केळीच्या पानावर पुऱ्या आणि भाज्या वाढल्या. एका म्हातारीने माझा हात धरून ओवी म्हटली. मला तिची पुढची ओळ येईना, लाज वाटली.

परत आल्यावर बारा दिवसांनी गावचं लग्न. आदल्या संध्याकाळी पोहोचलो. लग्नाच्या दुपारी मांडवाच्या मागे पाहते तर थर्माकोलच्या ताटांचा ढीग, निम्मं अन्न तसंच, पाण्याच्या बाटल्या थेट पऱ्यात (ओढ्यात). माझ्याच्याने राहवलं नाही. मुलीकडची मंडळी बसली होती, तिथेच म्हणाले, “दीडशे वर्षांपूर्वी इथून गेलेली माणसं अजून केळीच्या पानावर जेवतात, आणि आपण बघा. आपल्याला देशाची चाडच नाही.” दीर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “वहिनी, इतकंच आवडलं तर तिकडेच राहायचं होतं. आम्ही सतरा वर्षं बर्फात उभे राहिलो ते हे ऐकायला नाही.” त्यानंतर बोलणं बंद. जाऊबाईंशी फोन होतो, दिरांशी नाही. यजमान म्हणतात, जाऊ दे.

वैशाखातल्या लग्नात यजमान आणि दीर दोघेही नवरीचे मामा. बोहल्याशी शेजारी शेजारी उभे राहणार. मला जावंसंच वाटत नाही. मी काय चुकीचं बोलले? घाण दिसली ती घाण म्हटली, तर मी देशाच्या विरोधात झाले? आणि नुसतं ‘भारत माता की जय’ म्हटलं की देशभक्ती होते का?

– एक वाचक, डोंबिवली

----

वाचकताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी पूर्ण तुमच्या बाजूने होते. दुसऱ्यांदा पेन घेऊन तारखा मांडल्या आणि माझी बाजू थोडी सरकली. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, या भांडणात देश नाहीच आहे. दोघांनीही तो मधे ओढून आणलाय.

आधी तारखांचं सांगते. लग्न माघात, म्हणजे महिनाभर आधीपासून त्या घरात काय चाललं असेल, ते मी सांगायला नको. पत्रिका वाटायच्या, गावकीला सुपारी द्यायची, मांडवाला माणसं बघायची, आहेराच्या साड्या आणायच्या, आचाऱ्याला विसार द्यायचा. त्या घरात एक निवृत्त हवालदार आणि त्याची बायको. नवऱ्या मुलाला सुट्टी किती मिळाली असेल, देव जाणे. आणि त्याच दिवसांत घरच्या ग्रुपवर रोज निळ्याशार समुद्राचे फोटो येत होते. तुम्ही कौतुकाने टाकलेत, त्यात काही वाईट नाही. पण ज्या हातात पत्रिकांची पिशवी आहे त्याच हातातल्या फोनवर ते फोटो उघडत होते. मग तुम्ही परतलात, बारा दिवस डोंबिवलीत होतात आणि गावी पोहोचलात आदल्या संध्याकाळी. मुहूर्तमेढ झालेली, घाणा भरून झालेला, देवक बसलेलं. घरातली थोरली वहिनी, जिने पुढे बसायचं, ती पाहुण्यांबरोबर आली.

आता दिरांचं वाक्य पुन्हा वाचा. “तिकडेच राहायचं होतं.” तुम्हाला ते ‘भारत सोडून जा’ असं ऐकू आलं. मला ते ‘वहिनी, तुम्ही इथे का नव्हतात?’ असं ऐकू येतं. कोकणातला पुरुष, त्यातून फौजी, तो वहिनीला असं सरळ म्हणणार आहे होय? त्याला रुसता येत नाही, मग तो सीमेवर जाऊन उभा राहतो. तो माणूस त्या दुपारी हवालदार म्हणून बोललाच नाही. नवरदेवाचा बाप म्हणून बोलला, नव्या सोयऱ्यांसमोर ज्याच्या मांडवाला घरच्याच माणसाने नाव ठेवलं असा बाप.

कारण तुम्हीही तेच केलंत, ताई. तुम्हाला राग आला होता खरकट्याचा आणि बाटल्यांचा. “भावजी, हे पऱ्यात जातंय, दोन पोरं लावून गोळा करून घेऊ या” हे वाक्य तयार होतं. त्याऐवजी तुम्ही काढलंत देशाची चाड. थर्माकोलच्या ताटांवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. ते वाईट आहे हे कळायला साडेचार हजारांहून जास्त किलोमीटर उडून जायची गरज नव्हती, चिपळूणच्या बाजारातही ते सांगता आलं असतं. पण मॉरिशसचा दाखला दिला की बोलण्याला वजन येतं, नाही का? शिवाय तुम्ही शिक्षिका. वर्गात चूक दिसली की ती तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगायची तीसेक वर्षांची सवय. मांडव म्हणजे वर्ग नव्हे, आणि विहीणबाई काही पालकसभेला आल्या नव्हत्या.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तुम्ही देशाचा अपमान केला नाहीत. ज्यांच्या घरचं लग्न होतं, त्या भावजींचा केलात. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माफी मागायचीच झाली तर कशाची मागायची हे त्यावरून ठरतं.

मला तुम्हाला दोष देऊन मोकळं व्हायचं नाही, कारण या आजारातून मी स्वतः गेले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी भाचीकडे जर्मनीला बारा दिवस राहून आले होते. परत आल्यावर सहा महिने माझं प्रत्येक वाक्य ‘तिकडे ना...’ ने सुरू व्हायचं. एका लग्नात पंगतीला बसले असताना शेजारच्या आजींना मी तिकडच्या आगगाड्या कशा सुटतात ते सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिकडे मठ्ठा मिळतो का गं?” मी म्हटलं, नाही. “मग हा पी आधी.” पुढच्या पंगतीपर्यंत मी गप्प होते.

लहानशा परदेशवारीचा हा एक दोष असतो. सात दिवसांत आपण तिकडचं अंगण पाहतो आणि त्याची तुलना आपल्या परसदाराशी करतो. तुम्ही हॉटेल, गाडी, समुद्र आणि एका प्रेमळ घरातली हळद पाहिलीत. तिथल्या माणसाला विचाराल तर तो महागाई, पुढाऱ्यांचे नातेवाईक आणि रस्त्यावरची कोंडी यांवर तुमच्या यजमानांशी तासभर बोलेल. शिवाय तो सगळा देश आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण पाव हिश्शाएवढा आणि लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपला एक रत्नागिरी जिल्हाच सोळा लाखांचा होता. तराजूची दोन पारडीच सारखी नाहीत.

पण म्हणून तुम्ही तिथे जे पाहिलंत ते खोटं ठरत नाही. उलट मला वाटतं, तुम्ही मॉरिशसहून चुकीची गोष्ट घेऊन आलात. केळीचं पान आणलंत, ते इथल्या परसातही होतं. आणायला हवी होती ती त्या सोळा पायऱ्यांची गोष्ट.

आप्रवासी घाट म्हणतात तो हाच. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हिंदुस्थानातून जवळपास पाच लाख मजूर करारावर मॉरिशसला गेले. गुलामगिरी कायद्याने बंद झाली होती आणि मळेवाल्यांना उसासाठी हात हवे होते. करार म्हणजे ‘अॅग्रीमेंट’, त्याचं ‘गिरमिट’ झालं आणि माणसं झाली गिरमिटिये. बिहारकडची भोजपुरी बोलणारी सगळ्यात जास्त, तमिळ आणि तेलुगू बरीच, आणि त्यात मूठभर आपली, बहुतेक कोकणातली. २००६ साली तो घाट जागतिक वारसा यादीत गेला. तुम्ही ज्या पायऱ्यांपाशी रडलात त्या चढून गेलेल्यांपैकी कोणी देशावर रुसून गेलं नव्हतं, की देश कमी आवडायचा म्हणूनही गेलं नव्हतं. पोटासाठी गेले. आणि जाताना जे नेलं ते पोटाला काहीच उपयोगाचं नव्हतं: गोंधळ, गणपती आणि आपली जाखडी, जी तिकडे झाकरी झाली.

आता त्या ड्रायव्हरदादाचा देश कुठला? तुम्ही त्याला विचारलं असतंत तर तो क्षणभरही न अडखळता मॉरिशस म्हणाला असता. त्याचा स्वातंत्र्यदिन १२ मार्च, साल १९६८; दांडीयात्रा निघाली तीच तारीख. त्याचा झेंडा लाल, निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्यांचा. घरात तो क्रिओल ही तिथली बोली बोलतो. गणेश चतुर्थीला त्याच्या देशात सरकारी सुट्टी असते, पण म्हणून त्याच्या मनात दोन देशांची ओढाताण चालते असं नाही. कोकण त्याचं आजोळ आहे. आजोळावर जीव असतो, तिथलं आंब्याचं झाड आठवतं, पण रेशनकार्ड आणि भांडण दोन्ही आपल्या घरचं. तुमच्या दिरांना हा माणूस भेटायला हवा होता, असं मला फार वाटलं. ‘तिकडेच राहायचं होतं’ असं कोणी त्याच्या खापरपणजोबांना म्हणालं नव्हतं, तरी ते राहिले. आणि कोणी सांगितलं नव्हतं तरी त्यांच्या घरातल्या एका म्हातारीला अजून ओवी येते.

त्या बेटावरचा आणखी एक प्रसंग सांगते, तो तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. २५ जुलै २०२० ला ‘वाकाशिओ’ नावाचं एक जपानी मालकीचं मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळाच्या खडकावर चढून बसलं. पुढचे बारा दिवस ते तसंच होतं आणि सहा ऑगस्टला त्यातून इंधन तेल गळायला लागलं. जवळपास एक हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात गेलं, ज्याचे तुम्ही फोटो टाकलेत. लोक काय करत होते माहीत आहे? उसाचं पाचट गोळा करत होते. कापडाच्या लांबच लांब नळ्या शिवायच्या, त्यात पाचट ठासून भरायचं, तरंगाव्यात म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधायच्या आणि समुद्रात तेलाच्या आडव्या टाकायच्या. हजारो माणसं, बायका, पोरं किनाऱ्यावर बसून हे शिवत होती. लोकांनी केस कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात. पाचटच! ज्या उसाने पणजोबांची पाठ मोडली, त्याचं पाचट पणतवंडांनी आपला किनारा वाचवायला वापरलं.

आणि नंतर, २९ ऑगस्टला, राजधानीत हजारोंचा मोर्चा निघाला. काळे कपडे घालून, हातात देशाचा झेंडा घेऊन, सरकारने वेळेवर हालचाल का केली नाही हे विचारायला. झेंडा आणि जाब एकाच हातात होते. त्यांना देशद्रोही म्हणायचं तर मग तेलात हात घातलेल्यांना काय म्हणायचं? ती बरीचशी तीच माणसं.

मला या प्रसंगात आवडतो तो क्रम. आधी पाचट, मग मोर्चा. तुमचा क्रम उलटा झाला. मांडवामागे गेलात, ढीग पाहिलात आणि तशाच पुढे येऊन बोललात. एक बाटली तरी उचलली होतीत का? हे मी खोचून विचारत नाही. उचलली असतीत तर तुमच्या बोलण्याआधी दोन जावा आणि चार पोरं तुमच्या मागे आली असती, आणि मग बोलायची वेळच आली नसती.

बाहेरचं चांगलं घरी आणण्यात कमीपणा मुळीच नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताईंनी मला गप्प बसवलं. अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका आली आणि १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू झालं. स्वतः जपान पाहिला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. एकेकाळी आपल्याकडे समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यावं लागायचं. आता समुद्र ओलांडून येऊन तोंड उघडलं की घ्यावं लागतं, एवढाच फरक. पण कर्व्यांनी पुस्तिका वाचून ‘जपान बघा आणि आपण बघा’ असं कोणाच्या मांडवात सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही.

राहिली ‘भारत माता की जय’ची गोष्ट. नुसत्या घोषणेने देशभक्ती होत नाही, हे तुम्हाला माझ्याकडून ऐकायचं आहे. ऐकवते, पण त्या दिवशी घोषणा दिरांनी दिली नव्हती, हेही लक्षात ठेवा. त्या माणसाने सतरा वर्षं दिली आहेत. पहाटे उठून, घरापासून दोन-तीन हजार किलोमीटर लांब, गणपतीला रजा मिळेल की नाही या काळजीत. ते त्यांच्या जिभेवर येणारच. तुमच्या जिभेवर शाळा येते तसं. त्यांनी ते तुमच्या अंगावर फेकायला नको होतं, इतकं मी मान्य करते. सीमेवर उभं राहिल्याने पऱ्यातली बाटली माफ होत नाही. पण हे त्यांना सांगायची तुमची पाळी अजून आलेली नाही, आधी तुमचं उसनं फेडायचं आहे.

आता काय करायचं ते.

वैशाखातल्या लग्नाला जायचं. यावर चर्चा नको. दोन मामा बोहल्याशी शेजारी उभे राहणार आणि एका मामीची जागा रिकामी, हे नणंदेने का सोसायचं? तिने तुमचं काय बिघडवलंय? आणि जायचं ते आदल्या संध्याकाळी नाही. चार दिवस आधी जा. घाण्याला बसा. हळद कुटा, तांदूळ निवडा, जे पडेल ते करा. निवृत्त आहात, डोंबिवलीत काही अडत नाही.

त्याआधी नणंदेच्या मुलीचं केळवण करा, तुमच्याकडचं गडगनेर. डोंबिवलीत नव्हे, गावच्या घरी, आणि त्याला दीर-जाऊबाईंना बोलवा. घर त्यांचंही असेल तर उत्तमच, जाऊबाईंच्याच स्वयंपाकघरात दोघी मिळून रांधा. जेवणं झाली की ओटीवर बसलेल्या माणसांत नाही, मागच्या पडवीत, पान-सुपारी देताना भावजींना एकट्याने सांगा: “लग्नाच्या आधी यायला हवं होतं, आले नाही. आणि सोयऱ्यांसमोर बोलायला नको होतं, बोलले.” एवढंच. ‘पण’ नको. पुढे मॉरिशस नको, थर्माकोल नको, ‘माझा हेतू चांगला होता’ तर अजिबात नको. ते कदाचित “असू दे वहिनी” म्हणतील आणि उठून बाहेर जातील. त्यालाच समेट समजा. आमच्याकडच्या पुरुषांकडून याहून मोठं भाषण अपेक्षित धरू नका.

मत मात्र बदलू नका. घाण ती घाणच. फक्त त्याचं काम भावजींकडे द्या. मनापासून सांगते, तुमच्या सगळ्या कुटुंबात स्वच्छतेचं ज्याला खरं कळतं असा तोच एक माणूस आहे. छावणीत राहिलेल्या माणसाला विचारा, वाळलं पान पडलेलं चालत नाही तिथे. झाडांना चुना, दगडांना चुना, ओळीत बादल्या. नणंदेला सांगा, पंगतीचा बंदोबस्त मामांकडे. तुम्ही स्वतः सांगितलंत तर ‘पुन्हा वहिनी शिकवतायत’ होईल, म्हणून नणंदेच्या तोंडून जाऊ द्या. मग बघा हवालदारसाहेब कसे उभे राहतात ते.

पंगतच ठेवा म्हणावं. बुफेत माणूस पहिल्या फेरीतच दुष्काळ पडणार असल्यासारखं ताट भरतो. पंगतीतली नासाडी होते ती वेगळ्या कारणाने, आपल्या आग्रहाने. ‘एक जिलबी माझ्या हातची’ म्हणणारे जे उत्साही मेहुणे असतात त्यांना वाढायला ठेवूच नका, दारात अत्तर लावायला उभे करा. वाढपी पोरांना सांगून ठेवा: भात आधी थोडा, मागितला तर पुन्हा. केळीची पानं आपल्या वाडीत विकत घ्यायला लागू नयेत, चार घरी सांगितलं की येतात, आणि खाऊन झाली की गुरांपुढे किंवा माडाच्या आळ्यात जातात. पाण्याला बाटल्या न आणता मोठे जार आणि वाडीच्या मंडळाचे स्टीलचे पेले. मंडळाची भांडी असतात प्रत्येक वाडीत, कुलूप लावून ठेवलेली, वर्षातून एकदा पूजेला निघणारी. पेले धुवायला दोन बायका ठेवाव्या लागतील आणि त्यांची मजुरी द्यावी लागेल. ती तुम्ही द्या, आहेराच्या पाकिटाव्यतिरिक्त. नुसत्या पाकिटाने मांडवात कोणी मोठं वाटत नाही. हात लागला तर वाटतं.

तुमच्या यजमानांविषयी एक शब्द. ‘जाऊ दे’ म्हणणारा माणूस शांत वाटतो, पण घरातला अबोला त्यानेही चालू दिलाय. त्यांचं आणि दिरांचं बोलणं चालू आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. बंद असेल, तर त्यांनी आपल्या भावाशी आपलं आपण बोलावं. तुमच्या माफीच्या मागे उभं राहून नव्हे.

आणि ती ओवी. तुम्हाला पुढची ओळ आली नाही म्हणून लाज वाटली, असं लिहिलंत. तुमच्या सासरच्या वाडीत सत्तरीच्या पुढच्या किती बायका आहेत? घाण्याच्या दिवशी त्यांच्यात बसा आणि विचारा. एखादीला नक्की येत असेल. वहीत उतरवून घ्या, शिक्षिकेचं अक्षर कशाला आहे? ड्रायव्हरदादाचा नंबर असेलच तुमच्याकडे. म्हणून दाखवून त्याच्याकडे पाठवा, त्याच्या घरच्या म्हातारीसाठी. घरच्या ग्रुपवर नको.

केळवणाचं आमंत्रण फोनवरून द्याल तर तुम्ही स्वतः द्या, यजमानांना लावायला सांगू नका. भावजींनी उचलला नाही, तर जाऊबाईंना करा.